शोकाच्या दिवशीचा चहा

२०२१ सालच्या मे महिन्यातील एक दुपार आम्हांला विसरता येत नाही. आणि खरे सांगायचे तर पुष्कळ दिवस ती विसरली जावी असेच आम्हांला वाटत होते. त्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थाला मूठमाती देऊन आलो होतो. वय पन्नाशीच्या आतले. चर्चमध्ये पार्थिव आणण्याची परवानगी नव्हती. दफनभूमीत मोजकीच माणसे होती आणि तीही एकमेकांपासून दूर उभी. त्यांच्या पत्नीला पेटीजवळ जाता आले नाही, चेहरा पाहता आला नाही. लांबून टाकलेली माती पेटीपर्यंत पोहोचली की नाही, हेही तिला दिसले नसावे. मुखपट्टीच्या आडून आम्ही अंत्यविधीच्या प्रार्थना म्हटल्या. आमचा आवाज आम्हांलाच परका वाटत होता.

त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी आम्ही त्याच आजारातून उठलो होतो. ताप गेला, खोकला ओसरला, पण वास आणि चव मात्र परतली नव्हती. भाकरी कागदासारखी लागे. चहा म्हणजे ऊन पाणी. वेदीवर धूप घातला की धूर डोळ्यांना दिसायचा, नाकाला त्याचा पत्ता नसायचा. माणूस जिवंत आहे पण जगाने त्याच्याशी बोलणे टाकले आहे, अशी ती अवस्था होती. ज्यांनी ती अनुभवली त्यांना अधिक सांगायला नको.

दफनविधीहून परतलो, स्नान केले आणि स्वयंपाकघरावरून जात असता एकाएकी आल्याचा वास आला. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी चहा उकळत ठेवला होता आणि त्यात आले ठेचून टाकले होते. आम्ही दाराशीच थबकलो. मग उभ्याउभ्याच तो पेला घेतला. त्या पहिल्या घोटात आम्हांला जे सुख झाले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. लहान मूल आईच्या पदराचा वास ओळखते तसे काहीसे झाले. आम्ही आणखी एक पेला मागून घेतला. तो निम्मा झाल्यावर आठवले की, आपल्या चपलांना अजून दफनभूमीची माती आहे. मग आम्हांला आमची लाज वाटली. उरलेला चहा तसाच ठेवून आम्ही खोलीत गेलो.

ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नसती. परंतु त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडीत असताना त्याच गृहस्थाच्या पत्नीने आम्हांला थांबवले. मेणबत्ती वाऱ्याने विझू नये म्हणून तिने एका हाताचा आडोसा धरला होता. ती म्हणाली, "फादर, एक विचारू का? काल चुलीवर वांगं भाजलं. त्याचा वास आला आन् मला भूक लागली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. दोन घास खाल्ले, बरं वाटलं. मग मी ताटावरून उठलेच. हे पाप आहे का हो?"

आम्ही म्हणालो, "देव समजून घेतो, बाई." आणि पुढच्या थडग्याकडे वळलो.

हे उत्तर वाईट नव्हते, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. देव समजून घेईल की नाही, हे तिने विचारलेच नव्हते. शोकाच्या दिवसांत भाजलेल्या वांग्याचा वास आवडणे योग्य की अयोग्य, हे तिला जाणून घ्यायचे होते. समजून घेण्याची भाषा अपराधासाठी असते. आम्ही नकळत तिच्या भुकेला अपराध ठरवून मोकळे झालो होतो, आणि तेही स्वतः आल्याच्या चहाचे दोन पेले घेतलेले असताना! तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला आहे. ही चार पाने म्हणजे त्याचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

रोजच्या जगण्यातील लहान सुखांविषयी आपल्या प्रवचनांत फारसे काही सांगितले जात नाही, हे आम्ही मान्य केले पाहिजे. पुण्याच्या नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत आम्ही शिकलो तेव्हा इंद्रियनिग्रहावर पुष्कळ ऐकले. ते आवश्यकही होते, कारण आमच्या वयाला ते लागूच होते. उपवासकाळात काय सोडावे याची यादी आम्ही अजूनही लोकांना देतो: मटण सोडा, गोड सोडा, चहा सोडा. परंतु सोडलेली वस्तू मुळात चांगली होती, म्हणून तर तिच्या त्यागाला किंमत आहे, हे वाक्य आम्ही बहुधा म्हणत नाही. परिणामी आमच्या कित्येक सज्जन कुटुंबांत असा समज रुजला आहे की, देवाला आपले दुःख जवळचे आणि आपले सुख मात्र त्याच्या नजरेआड भोगायचे. संकटात जपमाळ हाती येते. हुरड्याच्या दिवसांत शेतात बसून कोवळी ज्वारी खाताना देवाची आठवण झाली असे फार थोडे जण सांगतील.

या प्रश्नाचा विचार करीत असताना आम्हांला आधार मिळाला तो आमच्या दारातूनच. भिंगारहून नगर शहरात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) जाताना वाटेत भुईकोट किल्ला लागतो. आम्ही आजवर शेकडो वेळा त्याच्या खंदकाजवळून गेलो असू. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'चा ठराव होताच काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना पकडून याच किल्ल्यात आणून ठेवले होते. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव अशी ती मंडळी. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली येथेच पाच महिन्यांत लिहून काढला, हे आमच्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच ग्रंथाच्या आरंभी, किल्ल्याच्या आवारातील दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून आपण फुलझाडे लावली, असे त्यांनी लिहिले आहे. ते मात्र कुणी मुलांना सांगत नाही.

परंतु आम्हांला सांगायचे आहे ते मौलाना अबुल कलाम आझादांविषयी. तेही तेथेच होते, आणि काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून होते. आपल्या एका स्नेह्याला उद्देशून त्यांनी तुरुंगात उर्दूतून पत्रे लिहिली. ती पाठवण्याची सोय नव्हती, म्हणून लिहून ठेवली. सुटकेनंतर १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती प्रसिद्ध झाली. भिंगारच्या एका निवृत्त शिक्षकांनी, जे आमचे मुसलमान शेजारी आहेत, त्यांनी आम्हांला या पुस्तकाची देवनागरी प्रत दिली आणि अडलेल्या शब्दांचे अर्थही सांगितले. त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही ते वाचले. राजबंद्याची पत्रे म्हणजे राजकारण असणार, अशा समजुतीने हाती घेतलेल्या त्या पुस्तकात पानेच्या पाने चहावर आहेत!

मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करीत. 'व्हाइट जास्मिन' नावाचा चिनी चहा, त्यात दूध मुळीच नाही. आपण हिंदी लोक चहात दूध-साखर घालून त्याचा पातळ शिरा करतो, अशा आशयाची त्यांची तक्रार आहे. ती वाचताना आमचे शेजारी गुरुजी आणि आम्ही, दोघेही हातातील दुधाळ चहाकडे पाहून हसलो. मौलानांशी या बाबतीत आमचे जमणार नाही. पण बाहेर जग पेटले आहे, देशात गोळीबार चालला आहे, केव्हा सुटका होईल याची शाश्वती नाही, आणि अशा वेळी एक विद्वान, इस्लामी धर्मशास्त्राचा जाणता पंडित, पहाटेच्या अंधारात चहाच्या एका घोटाविषयी इतक्या मन लावून लिहितो, हे आम्हांला प्रथम चमत्कारिक वाटले आणि मग आदराचे.

चिमण्यांची हकिगत त्याहून गोड आहे. त्यांच्या खोलीच्या छताशी चिमण्यांनी घरटी केली होती. काड्या, कचरा, कलकलाट. मौलानांनी आधी युद्ध पुकारले: छत्री चालवली, बांबू चालवला. चिमण्या काही हटेनात. अखेर सेनापतीने तह केला आणि तांदळाचे दाणे टाकू लागला. हळूहळू चिमण्या जवळ आल्या, इतक्या की तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. कुणाचे नाव 'कलंदर', कुणाचे 'मुल्ला', अशी नावेही त्यांना मिळाली. एका पैशाला दोन मिळणाऱ्या चिमण्यांची पित्याला आठवण असते असे प्रभू येशूने सांगितले, त्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील! पण कोणत्याही चिमणीला आम्ही कधी नाव दिलेले नाही.

आता यापुढील भाग. १९४३ च्या एप्रिलमध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मृत्युशय्येवर होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती पोहोचवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी विनंती करण्याचे नाकारले. नेहरू त्यांच्याशी बोलले, तरीही नाही. ९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या. त्या दिवसांत मौलानांनी आपला दिनक्रम सोडला नाही. ठरल्या वेळी जेवणाच्या मेजावर गेले. वर्तमानपत्र येण्याची वेळ झाली की, त्यात काय बातमी असेल या धास्तीने काळीज धडधडे. परंतु आपली अस्वस्थता कुणाला दिसू नये म्हणून ते जागचे उठत नसत. आणि मग त्यांनीच लिहून ठेवले आहे की, हा सारा बाह्य धीर म्हणजे स्वाभिमानी मनाने वठवलेले एक सोंग होते. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, कुणाची कोण जाणे, अशी कबर होती. पत्नीच्या निधनानंतर त्या अनोळखी कबरीविषयी त्यांना एकाएकी माया वाटू लागली.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. गुरुजीही काही बोलले नाहीत.

आमच्या मनात आले की, मौलानांना या पत्रात जे खटकले ते चहा घेणे नव्हते. दुःख नसल्यासारखे दाखवणे त्यांना खटकले. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, आणि आमच्या त्या विधवा भगिनीचा घोटाळा येथेच होत होता. तिला वाटत होते, वांग्याचा वास आवडला म्हणजे आपण नवऱ्याला विसरलो. वस्तुतः त्या घासाने तिला काहीच विसरायला लावले नव्हते. ताटावर बसल्या बसल्याच तिला रडू आले होते, हे तिने आम्हांला नंतर सांगितले. विसरण्यासाठी घेतलेले सुख निराळे असते. दारूच्या पेल्यात माणूस जे शोधतो ते सुख नव्हे, गैरहजेरी असते. आमच्या वस्तीत त्या गैरहजेरीची किंमत किती घरांनी मोजली आहे हे आम्ही जाणतो, त्यामुळे सगळीच सुखे सारखी, असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात आपली आई संत मोनिका हिच्या मृत्यूविषयी लिहिले आहे. ३८७ साली ओस्तिया येथे ती वारली. ऑगस्टीन यांनी अश्रू आवरून धरले. दुःख हलके होईल म्हणून स्नान करून पाहिले, झाले नाही. मग ते झोपले आणि उठल्यावर पाहतात तो दुःख थोडेसे मऊ झालेले. तेव्हा कोठे त्यांनी आईसाठी मोकळेपणाने रडून घेतले. आम्हांला यात जो क्रम दिसतो तो विचार करण्यासारखा आहे. विश्रांती आधी आली, अश्रू मागून. आपण उलट समजतो: आधी रडून संपवावे आणि मग सुखाला शिवावे. शरीराला मिळालेले ते एवढेसे समाधान शोकाच्या आड आले नाही, उलट त्यानेच शोकाला वाट करून दिली. खरे तर हेच ऑगस्टीन जेवणातील सुखाविषयी, इतकेच नव्हे तर स्तोत्रगायनातील सुखाविषयीही, त्याच ग्रंथात पुढे फार साशंक आहेत. एवढ्या मोठ्या संताशी मतभेद दाखवण्याची आमची योग्यता नाही. पण ऑगस्टीनविरुद्ध साक्ष द्यायला आम्ही ऑगस्टीन यांनाच उभे करू.

पवित्र शास्त्रात दावीद राजाची कथा आहे. मूल आजारी असता त्याने अन्न सोडले, जमिनीवर पडून राहिला. मूल गेल्याचे कळताच तो उठला, स्नान केले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन वंदन केले आणि घरी येऊन जेवण मागितले. सेवक चकित झाले. त्यांना हे उलटे वाटले. दावीदाने त्यांना जे सांगितले त्याचा आशय असा की, मूल जिवंत होते तोवर देवाची करुणा भाकण्यात अर्थ होता. आता मूल परत येणार नाही, मीच एक दिवस त्याच्याकडे जाणार. त्या जेवणाला चव होती की नव्हती हे शास्त्र सांगत नाही. पण मंदिरातून तो थेट ताटावर आला, एवढे सांगते.

येथे कुणी विचारील, आणि विचारले पाहिजे, की ज्याच्या ताटात काहीच नाही त्याने कशात समाधान मानायचे? आमच्या या दुष्काळी जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही तान्हे होतो. आमची आई खडी फोडण्याच्या कामावर जात असे. लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात आम्हांला निजवीत असे. अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर ते वर्ष निघाले. त्या वर्षाविषयी आई बोलायची तेव्हा हाल तर सांगायचीच, पण दर वेळी एक गोष्ट न चुकता सांगायची. संध्याकाळी हत्यार खाली ठेवले की डोंगराकडून वारा यायचा. सगळ्या बाया घामाने भिजलेल्या, त्या दोन मिनिटे तोंड वाऱ्याकडे करून नुसत्या उभ्या राहायच्या. कुणी बोलायचे नाही. "मुकादमाला वाऱ्याची हजेरी मांडता येत नव्हती," असे ती म्हणायची आणि हसायची.

लहानपणी आम्हांला यात विशेष काही वाटत नसे. पुढे धर्मगुरू झाल्यावर आम्ही ही गोष्ट एका प्रवचनात सांगितली आणि गरिबीतही समाधान कसे मानावे याचा तो दाखला म्हणून वापरला. आई तेव्हा हयात होती आणि पुढच्या बाकावर बसली होती. मिस्सा संपल्यावर तिने आम्हांला बाजूला घेतले. "तू अर्धीच गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मजुरी कमी मापली म्हणून आम्ही साऱ्याजणी काम बंद करून बसलो होतो. ते का नाही सांगितलं? वारा देवाचा होता. मजुरी आमची होती."

इतकी वर्षे झाली, तरी याहून नेमके असे आम्ही कोणत्याही धर्मशास्त्राच्या वर्गात ऐकलेले नाही. कृतज्ञतेचा उपदेश फार सोयीचा असतो, विशेषतः ज्याचे पोट भरलेले आहे त्याला. मालकाने गड्याला, सासूने सुनेला, आणि आम्हां धर्मगुरूंनी गरीब कुटुंबांना 'आहे त्यात आनंद माना' असे सांगावे आणि तो धर्म ठरावा, यात लबाडी आहे. आभार देणाऱ्याचे मानायचे असतात, अडवणाऱ्याचे नव्हे. जिच्या तोंडावरून वारा गेला त्या बाईला वाऱ्याचे मोल कळले होते, म्हणूनच आपल्या घामाचेही कळले. दुसऱ्या दिवशी काम बंद करून बसलेल्या त्या बायका आदल्या संध्याकाळच्याच होत्या.

संत थॉमस अक्विनास यांनी कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, उपकार झाला हे ओळखणे. दुसरी, तो बोलून दाखवणे. तिसरी, योग्य वेळी व स्थळी आपल्या शक्तीप्रमाणे त्याची फेड करणे. आणि त्यांच्या मते सर्वांत वाईट कृतघ्नता ती, जी उपकार ओळखतच नाही, मग ते विस्मरणाने का असेना. संत इग्नाशिअस लोयोला यांनी तर १५४२ सालच्या एका पत्रात कृतघ्नता हे सर्व पापांचे मूळ आहे अशा अर्थाचे लिहिले. त्यांनी शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणात पापांची मोजदाद पहिली येत नाही. त्या दिवशी मिळालेल्या कृपांबद्दल देवाचे आभार पहिले येतात. आम्ही सेमिनरीत हे आत्मपरीक्षण वर्षानुवर्षे केले आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो पहिला भाग आम्ही घाईने उरकून टाकीत असू, कारण आम्हांला वाटे, खरे काम पुढे आहे. आभारासाठी आम्ही मोठ्या गोष्टी शोधायचो: पाचारण, श्रद्धा, तारण. शब्द मोठे असले की मन रिकामे असले तरी चालते. नाश्त्याच्या वेळी खिडकीतून आलेले ऊन, किंवा बऱ्याच दिवसांनी आलेले घरचे पत्र, ही नावे घेऊन आभार मानले असते तर खोटे बोलणे जमले नसते.

२०२१ च्या त्या आजाराने आम्हांला शिकवले असेल तर एवढेच, की ओळखणे ही पहिली पायरी आमच्या हातातही नाही. वास यावा म्हणून आम्ही काय काय केले! लवंगा हुंगल्या, कांदा हुंगला. आला नाही. आणि ज्या दिवशी काहीच मागितले नव्हते, ज्या दिवशी मागण्याचे तोंडही नव्हते, त्या दिवशी तो आला. सुख आमच्या कर्तृत्वाने आलेले नव्हते हे इतके उघड होते की, त्याला 'दिलेले' याखेरीज दुसरा शब्द नाही. आम्ही मात्र देणाऱ्याकडे न पाहता वेळेकडे पाहिले. आज का? अशा दिवशी का? जणू देवाने भेट देण्यापूर्वी आमच्याकडून मुहूर्त काढून घ्यायचा होता.

आणि मुहूर्ताचाच प्रश्न असेल, तर आपण ख्रिस्ती लोकांनी तो विचारू नये. ज्या रात्री धरून देण्यात आला त्या रात्री आपल्या प्रभूने भाकर हाती घेतली, आभार मानले, मोडली आणि दिली. रोज सकाळी वेदीवर आम्ही हेच करतो आणि इतक्या सवयीने करतो की, त्यातले आश्चर्य कधीच उडून गेले आहे. त्या जेवणावर बसलेल्यांपैकी एक दगा देणार होता, एक नाकारणार होता, बाकीचे पळणार होते, आणि हे यजमानाला ठाऊक होते. अशा ताटावर आभार! शिवाय शुभवर्तमानकार सांगतात की, जेवणानंतर त्यांनी स्तोत्र गाइले आणि मग ते जैतुनांच्या डोंगराकडे गेले. ख्रिस्तसभेने आपल्या सर्वांत पवित्र विधीला जे ग्रीक नाव दिले, 'युखारिस्त', त्याचा अर्थही बलिदान नव्हे, भोजनही नव्हे. त्याचा अर्थ आभार मानणे. खादाड आणि दारुबाज म्हणून ज्याला लोकांनी नावे ठेवली, काना गावी ज्याने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, पुनरुत्थानानंतर थकल्या शिष्यांसाठी ज्याने किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासळी भाजली, त्या प्रभूने मरणाच्या आदल्या रात्रीही भाकरीची चव नाकारली नाही. भाजलेल्या मासळीचा वास त्या पहाटे पेत्राला आला असेल. तीन वेळा नाकारल्याची लाज मनात असताना त्याला भूक लागली असेल का? लागली असणार, रात्रभर जाळे ओढले होते. आणि प्रभूने त्याच्याशी प्रीतीविषयी बोलणे काढले ते त्याचे खाऊन झाल्यावर, आधी नव्हे.

तेव्हा त्या भगिनीला नोव्हेंबरात आम्ही द्यायला हवे होते ते उत्तर असे: बाई, ते पाप नव्हते. ती भूक तुझ्या नवऱ्याची वैरीण नव्हती. ज्याने त्याला नेले त्यानेच तुला तो वास धाडला होता, आणि तू ताटावरून उठायला नको होतेस. दोन घास आणखी खायला हवे होतेस, रडत रडत का होईना. हे उत्तर आम्हांला सुचले तेव्हा वर्ष उलटून गेले होते. ते सांगायला मुद्दाम तिच्या घरी जावे असे अनेकदा मनात आले. पण का कोण जाणे, गेलो नाही. शिकवणाऱ्याला आपण चुकलो हे सांगायला जाताना रस्ता फार लांब वाटतो.

२०२३ च्या जानेवारीत, थंडी चांगली पडली असताना, एका संध्याकाळी तीच आमच्या दाराशी आली. हातात डबा होता. हुलग्याचे शेंगोळे केले होते. आमच्या नगरकडे थंडीत ते घरोघर होतात. पण तिने ते दोन हिवाळे केले नव्हते, कारण नवऱ्याचा तो जीव की प्राण पदार्थ होता. मावशींनी तीन वाट्या आणल्या. आम्ही बसलो, तिलाही बसवले. आता ते उत्तर सांगावे म्हणून आम्ही शब्द जुळवू लागलो. तोवर तिने डब्याचे झाकण काढले होते. लसणाचा वास खोलीभर पसरला.

"मीठ अंमळ जास्त झालंय, फादर," ती म्हणाली. "यांना असंच लागायचं."

तिने पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि दुसरा घेतला. आम्ही काही बोललो नाही. मीठ खरोखरच जास्त होते. आम्ही वाटी पुढे करून आणखी वाढून घेतले.